विद्यार्थ्यांच्या हाती शोधपत्रिकांची किल्ली द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे संशोधन प्रकल्प सादर करण्याचे दिवस जवळ आले की सीताबर्डीपासून लॉ कॉलेज चौकापर्यंतच्या झेरॉक्स आणि बाइंडिंगच्या दुकानांत गर्दी वाढते. त्याच सुमारास दरवर्षी एक तक्रारही ऐकू येते, की हल्लीच्या मुलांना संशोधन करता येत नाही, ती सगळे इंटरनेटवरून उतरवून काढतात. मी नागपुरातील एका अनुदानित महाविद्यालयात एकोणतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. ही तक्रार अर्धीच खरी आहे असे माझे मत आहे आणि उरलेली अर्धी बाजू आपल्या वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुले उतरवून काढतात हे खरे, पण ज्या शोधपत्रिका, म्हणजे संशोधनपर लेखांची नियतकालिके, आणि डेटाबेस त्यांच्यासाठी सार्वजनिक पैशातून विकत घेतलेले आहेत, त्यांचे दार त्यांना कोणी उघडून दाखवलेलेच नसते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी रचना आली, तिच्यात पहिल्याच सत्रात ४ श्रेयांकांची (क्रेडिटची) संशोधन पद्धती आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन सत्रांत मिळून १० श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. पूर्वी पीएच.डी.ला नाव नोंदवणाऱ्या मोजक्यांना जे करावे लागे, ते आता एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या प्रत्येक मुलामुलीला करावे लागते. हे चांगलेच झाले. मात्र संशोधन पद्धतीच्या तासाला गृहीतकाच्या व्याख्या आणि नमुना निवडीचे प्रकार वहीत उतरवून घेतले जातात, आणि आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहिले आहे ते कुठे आणि कसे शोधायचे, याला मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी एक तासही मिळत नाही. 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे दुसरे प्रकरण त्यामुळे सगळ्यात कच्चे राहते आणि तेच सगळ्यात जास्त उतरवलेले असते.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी खोली घेऊन राहणारी नरखेड तालुक्यातील एक मुलगी माझ्याकडे आली. ती भूगोलात एम.ए.च्या शेवटच्या सत्राला आहे, घरची संत्र्याची बाग आहे, आणि काटोल-नरखेड भागातील संत्रा बागांचा ऱ्हास हाच तिने प्रकल्पाचा विषय घेतला आहे. "काकू, संदर्भसूची तेवढी बघून द्या, सरांनी उद्याच मागितली आहे," असे म्हणून तिने चौदा नोंदींचे एक पान माझ्यापुढे ठेवले. संगणकावरच्या एका चॅटबॉटला विचारून तिने ती यादी मिळवली होती. आम्ही दोघींनी बसून एकेक नोंद शोधली, तेव्हा चौदापैकी पाच लेख जगात कुठेच अस्तित्वात नाहीत असे निघाले. एका नोंदीत शोधपत्रिका खरी होती, खंड आणि अंकही खरे होते, पण त्या पृष्ठांवर भलत्याच पिकावरचा लेख होता. मुलीचा चेहरा उतरला. तिने लबाडी केली नव्हती. जे यंत्र वाक्यामागे वाक्य बेमालूम रचते ते संदर्भही तसेच रचू शकते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. संदर्भ खरा आहे की नाही हे पडताळण्यासाठी लेखाला डीओआय, म्हणजे त्याची कायमची ओळख सांगणारा क्रमांक, दिलेला असेल तर तो तपासायचा असतो, आणि तो क्रमांक टाकल्यावर त्याच लेखाचे पान उघडले पाहिजे, हेही तिने त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

मग मी तिला विचारले, की तू स्वतः शोधून पाहिलेस का. तिने पाहिले होते. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'ऑरेंज', 'नागपूर' आणि 'प्रॉब्लेम' असे तीन शब्द टाकले होते, आणि समोर आल्या त्या बाजारभावाच्या बातम्या, पर्यटनाची माहिती आणि रस विकणाऱ्यांच्या जाहिराती. इथेच खरी अडचण आहे आणि ती नीट सांगितल्याशिवाय माझे म्हणणे वाचकांना पटणार नाही. ज्याला आपण आणि सगळा बाजार नागपुरी संत्रा म्हणतो, त्याला शोधपत्रिकांत 'नागपूर मँडरिन' म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा आहे. 'ऑरेंज' एवढाच शब्द टाकला तर निम्मे लेख 'स्वीट ऑरेंज'चे, म्हणजे आपल्या मोसंबीच्या वर्गाचे येतात. तिचे वडील ज्या रोगाला डिंक्या म्हणतात तो लेखांत 'गमोसिस' असतो आणि त्याला कारणीभूत असलेला बुरशीसारखा सूक्ष्मजीव 'फायटोप्थोरा' या नावाने नोंदलेला असतो. झाडे काळी पडतात तेव्हा शेतकरी कोळशी आली म्हणतात, लेखांत मात्र 'सिट्रस ब्लॅकफ्लाय' शोधावी लागते. जंबेरीच्या खुंटावरची कलमे म्हणायची असतील तर 'रफ लेमन रूटस्टॉक' म्हणावे लागते. आंबिया आणि मृग हे दोन बहार तेवढे आपल्याच नावाने इंग्रजी लेखांत पोचले आहेत, हे पाहून तिला फार आनंद झाला.

आम्ही एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे तिने बागेतले शब्द लिहिले, उजवीकडे मी लेखांतले शब्द लिहीत गेले. डावीकडची यादी माझ्यापेक्षा तिला कितीतरी अधिक येत होती, आणि उजवीकडच्या यादीतले बरेच शब्द मलाही कृषिशब्दकोश उघडून पाहावे लागले. अर्ध्या तासात तो कागद भरला. त्यानंतर शोध कसा बदलला ते सांगते. 'नागपूर मँडरिन' हे दोन शब्द अवतरणचिन्हांत घातले, म्हणजे ते जोडीनेच शोधले जातात. त्याच्यापुढे 'ॲण्ड' लिहून कंसात 'डिक्लाइन' (ऱ्हास), 'डायबॅक' (फांद्या शेंड्याकडून वाळणे) आणि 'फायटोप्थोरा' हे तीन शब्द मध्ये 'ऑर' घालून लिहिले, म्हणजे तिघांपैकी एक तरी असलेला लेख यावा. शब्दाच्या मुळापुढे तारका टाकली की बहुतेक डेटाबेस त्या मुळापासून होणारे सगळे शब्द शोधतात. गूगल स्कॉलरमध्ये मात्र तारका तसे काम करत नाही, हा फरक मुलांना हटकून सांगावा लागतो. शेवटी वर्षांची मर्यादा घातली. एवढे केल्यावर दोन पानांत मावतील इतकेच लेख उरले आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक तिच्या कामाचा होता. त्यांतले कितीतरी लेख आपल्याच शहरात, अमरावती मार्गावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी लिहिलेले होते. तिच्या खोलीपासून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ झालेले काम तिच्यापर्यंत पोचायला एक कागद, एक उभी रेघ आणि एक संध्याकाळ लागली.

पुढची पायरीही तितकीच महत्त्वाची आहे. आधी सगळ्या लेखांचे गोषवारे वाचायचे, त्यांतून एखादा चांगला आढावा-लेख, म्हणजे त्या विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेणारा लेख, निवडायचा आणि त्याच्या संदर्भसूचीतून मागे जायचे. मग त्याच लेखाचा पुढे कोणी आधार घेतला, हे 'सायटेड बाय' या दुव्यावरून पाहत अलीकडच्या वर्षांपर्यंत यायचे. जुन्या संदर्भ विभागात आम्ही हेच काम बांधीव खंडांतून बोट फिरवत करायचो आणि त्याला आठवडे लागायचे. ग्रंथालयशास्त्राचे भारतातील जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत 'वाचकाचा वेळ वाचवा' हे चौथे सूत्र आहे. आज ते पाळण्याची साधने हाताशी आहेत आणि वाचक मात्र त्यांच्यापासून दूर आहे.

आता साधनांविषयी. महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' ही योजना २०१० पासून आहे. देशातील ग्रंथालये जोडणाऱ्या, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून ती चालवली जाते. महाविद्यालयाने माफक वार्षिक वर्गणी भरली की ६,००० हून अधिक ई-नियतकालिके आणि सुमारे २ लाख ई-पुस्तके खुली होतात. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा युजर आयडी आणि पासवर्ड मिळू शकतो आणि तो घरून, मोबाइलवरूनही चालतो. काटोलहून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलाला ग्रंथालय बंद झाल्यावरही लेख वाचता येतो, याचे मोल मला फार वाटते. माझ्या कार्यकाळात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या मुलांना 'इकॉनॉमिक ॲण्ड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक याच मार्गाने मिळत असत.

त्या मुलीच्या महाविद्यालयानेही ही वर्गणी भरलेली होती. चौकशी केल्यावर कळले की आयडी फक्त प्राध्यापकांचे काढले होते, विद्यार्थ्यांची यादी पाठवायची राहून गेली होती आणि ग्रंथपालाचे पद रिक्त असल्याने ती कोणी पाठवायची हेही ठरलेले नव्हते. तिने अर्ज दिला आणि दोन दिवसांत आयडी आला. दोन दिवसांचे काम दोन वर्षे झाले नव्हते. मी त्या महाविद्यालयाला एकट्याला दोष देत नाही. माझ्या स्वतःच्या ग्रंथालयातही काही वर्षे आम्ही मूल्यांकनाच्या अहवालात 'इतके आयडी दिले' असा आकडा भरून समाधान मानले आणि त्यांतल्या कितींनी एक तरी लेख उघडला, हे मी स्वतः उशिरा पाहायला लागले. पाहिले तेव्हा वाईट वाटले. त्यानंतर दर शनिवारी दहा-दहा मुलांना घेऊन बसायला सुरुवात केली आणि दोन सत्रांत वाचकांची संख्या डोळ्यांत भरावी इतकी वाढली.

यात आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या मोठ्या योजनेची भर पडली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी तिच्यावर सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. तिच्यात ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० ई-नियतकालिके असून ६,३०० हून अधिक संस्थांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधकांना त्यांचा लाभ मिळावा अशी आखणी आहे. आतापर्यंत जो लेख उघडताना पस्तीस-चाळीस डॉलर मागणारी पाटी समोर यायची, तो लेख शासकीय संस्थेतील विद्यार्थ्याला मोफत वाचता येतो. इतका सार्वजनिक पैसा संशोधन वाचण्यासाठी खर्च होत असेल, तर तो वाचला जातो की नाही हे विचारण्याचा अधिकार नागरिक म्हणून आपल्या सर्वांना आहे.

या योजनेची एक मर्यादा मात्र आपल्या भागाला विशेष जाणवणारी आहे. पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली, अनुदानित किंवा विनाअनुदानित आहेत. म्हणजे विद्यापीठाच्या विभागात शिकणाऱ्या मुलीला जो लेख उघडतो, तोच लेख त्याच विद्यापीठाची, त्याच विषयाची पदवी घेणाऱ्या पण उमरेडच्या किंवा सावनेरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला उघडत नाही. परीक्षा एक, प्रकल्पाचे श्रेयांक तेवढेच, गुणपत्रिकेवरचा शिक्काही एकच. संलग्न महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळखपत्र दाखवून प्रत्यक्ष बसून वाचण्याची सोय ठळकपणे जाहीर करणे आणि त्यासाठी रविवारीही काही तास राखून ठेवणे, एवढे तरी विद्यापीठाने करावे. प्रकाशकांशी झालेल्या करारांच्या अटी तपासून हे करावे लागेल, पण तपासायला तर हरकत नाही.

जिथे वर्गणीचे दार बंद आहे तिथेही वाटा पुष्कळ आहेत. 'शोधगंगा'वर देशभरातील विद्यापीठांचे ५ लाखांहून अधिक प्रबंध पूर्ण स्वरूपात आहेत आणि आपल्या विद्यापीठाचेही प्रबंध तिथे आहेत. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश'वर सापडतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात संत्र्यावर झालेले काम या मुलीला तिथूनच मिळाले. 'जेस्टोर' या शोधपत्रिकांच्या संग्रहावर स्वतःचे मोफत खाते उघडले तर महिन्याला १०० लेख वाचता येतात. खुल्या, म्हणजे मोफत वाचता येणाऱ्या, शोधपत्रिकांची 'डीओएजे' ही निर्देशिका आहे, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, आणि वैद्यकशास्त्राच्या मुलांसाठी 'पबमेड' आहे. हे सगळे असूनही एक लेख राहिलाच होता. त्याच्या पहिल्या पानावर लेखकाचा ई-मेल दिलेला असतो, तो पाहून तिने चार ओळींचे सभ्य पत्र लिहिले, आणि तिसऱ्या दिवशी लेखकाने आनंदाने प्रत पाठवून वर दोन लेख आणखी सुचवले. शास्त्रज्ञांना आपले लेखन कोणीतरी वाचते आहे याचा आनंद होतो, ही गोष्ट मुलांना खरीच वाटत नाही.

शोधगंगेबद्दल मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. प्रबंध वाचायचा तो त्याची रचना आणि संदर्भसूची पाहण्यासाठी, त्यातले दुसरे प्रकरण उचलून आपल्यात घालण्यासाठी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत प्रबंधातील, दुसऱ्याच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई वाढत जाते आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होऊ शकते. मुलांनी यातून धडा घेतला तो असा, की शब्द बदलून टक्का खाली आणायचा. बाजारात तशी सेवा पैसे घेऊन दिली जाते. ज्याने मूळ लेख वाचून, बाजूला ठेवून, आपल्या शब्दांत दोन ओळी लिहिल्या त्याला टक्क्याची भीती बाळगावी लागत नाही, पण त्यासाठी मूळ लेख हाती यावा लागतो.

नकली शोधपत्रिकांचे प्रकरण याहून गंभीर आहे. पैसे भरा, चार दिवसांत लेख छापून देतो, असे संदेश मुलांच्या आणि प्राध्यापकांच्याही मोबाइलवर सर्रास येतात. नावात 'इंटरनॅशनल' असते, मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक असतो आणि मुलांना वाटते की क्रमांक आहे म्हणजे पत्रिका मान्यताप्राप्त आहे. हा क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली होती. पुढे २०१९ मध्ये आयोगाचीच, दर्जेदार शोधपत्रिकांची 'यूजीसी-केअर' यादी आली, तिचे काम पुण्याच्या विद्यापीठातून चालत असे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद करून निकष पाहून संस्थांनीच पारख करावी असे ठरले. म्हणजे तयार यादीवर बोट ठेवण्याचे दिवस संपले आहेत. संपादक मंडळातील माणसे खरोखर त्या संस्थांत आहेत का, लेखाचे परीक्षण तज्ज्ञांकडून होते का, किती दिवसांत होते, मागचे अंक उघडतात का, हे पाहायला प्रत्येकाला शिकावे लागेल. ही पारख अनुभवी ग्रंथपाल पाच मिनिटांत करून दाखवतो. ज्या महाविद्यालयात ग्रंथपालच नाही तिथे मुलांनी विचारायचे कोणाला?

मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या मुलांची अडचण आणखी निराळी आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मोठ्या डेटाबेसमध्ये मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीतच. जी स्कॅन करून कुठेतरी चढवलेली आहेत त्यांची पाने चित्रांसारखी असतात, त्यामुळे आतला शब्द शोधाला सापडत नाही. विदर्भ साहित्य संघ आणि आपले विद्यापीठ या दोन्ही संस्था १९२३ सालच्या. संघाच्या 'युगवाणी'चे जुने अंक, वाईहून निघणारे 'नवभारत', मराठी अर्थशास्त्र परिषदेचे 'अर्थसंवाद' यांत विद्यार्थ्यांच्या विषयांवर किती मौलिक लेखन पडून आहे! तिथे जायचे तर आजही कपाटापर्यंत चालत जावे लागते आणि शं. ग. दाते यांच्या १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथसूचीसारखी साधने हाताळता यावी लागतात. विद्यापीठाने 'युगवाणी'सारख्या विदर्भातील नियतकालिकांची लेखसूची तरी संगणकावर आणली, म्हणजे नुसती शीर्षके, लेखक आणि अंक एवढेच नोंदवले, तरी पुढच्या पिढ्या दुवा देतील. ग्रंथालयशास्त्राच्या मुलांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल.

विदर्भाच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण तिच्यापायी अनेकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. १९३० च्या सुमाराच्या नागपूरची माहिती 'महाराष्ट्र' हा शब्द टाकून शोधली तर हाती काही लागत नाही. तेव्हा आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतो, म्हणून 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' आणि 'बेरार' शोधावे लागते, आणि नागपूरचे स्पेलिंगही कुठे कुठे जुन्या पद्धतीचे असते. १९५० ते १९५६ च्या काळासाठी 'मध्य प्रदेश', १९५६ ते १९६० साठी 'बॉम्बे स्टेट' आणि १ मे १९६० नंतर 'महाराष्ट्र'. एकाच काटोल तालुक्याच्या शेतीची आकडेवारी चार नावांखाली विखुरलेली आहे. त्या मुलीच्या प्रकल्पात संत्र्याच्या जुन्या लागवडीवर अर्ध्या पानाचीच माहिती होती, ती या चार नावांनी शोधल्यावर सहा पानांची झाली.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी ग्रंथालयाच्या कार्डाबरोबरच प्रत्येक विद्यार्थ्याला एन-लिस्टचा किंवा विद्यापीठाच्या ई-साधनांचा आयडी मिळावा आणि तो त्याने पहिल्या आठवड्यात ग्रंथालयात बसून एकदा उघडून दाखवावा. संशोधन पद्धतीच्या तासांपैकी किमान आठ तास ग्रंथालयात, संगणकासमोर, ग्रंथपालाने घ्यावेत आणि ते वेळापत्रकात छापलेले असावेत. प्रकल्पाच्या मार्गदर्शकांनी विषय मंजूर करण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतः शोधून वाचलेल्या दहा लेखांचे गोषवारे, त्यांच्या डीओआय क्रमांकांसह किंवा अंक-पृष्ठांसह, मागून घ्यावेत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांतल्या कोणत्याही एका लेखाविषयी दोन प्रश्न विचारले तरी उतरवण्याची सवय निम्म्याने कमी होईल, असा माझा अनुभव आहे. आणि शासनाने अनुदानित महाविद्यालयांतील ग्रंथपालांची रिक्त पदे भरावीत. हे शेवटचे वाक्य गेली कित्येक वर्षे निवेदनांतून लिहिले जात आहे हे मला ठाऊक आहे, तरी ते पुन्हा लिहिणे मला भाग आहे, कारण वर्गणी भरून घेतलेल्या हजारो शोधपत्रिका आणि त्यांच्यापर्यंत न पोचलेला विद्यार्थी यांच्यामध्ये आज जी जागा रिकामी आहे ती हीच.

शेजारच्या मुलीने प्रकल्प वेळेत दिला. तिच्या संदर्भसूचीत आता एकोणीस नोंदी आहेत आणि त्या सगळ्या तिने वाचलेल्या आहेत. दोन स्तंभांचा तो कागद तिने परिशिष्ट म्हणून जोडला. तिच्या सरांनी त्याची झेरॉक्स काढून पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी विभागात लावली आहे. नागपूर जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाला संत्र्याऐवजी कापूस, कोळसा किंवा गोंडी भाषा या विषयांसाठी असाच कागद विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचा असेल, तर कोणत्याही शनिवारी मी विनामूल्य येऊन बसायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
नागपूर